चौदाव्या पायरीवरची रेंज

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पांढरा डबा आहे. मी अकरावीत होते तेव्हा तो बसवला. दोन माणसं गाडीतून आली, शिडी लावली, भिंतीला भोकं पाडली, डबा ठोकला आणि म्हणाली, "यातला हिरवा दिवा लागला की समजायचं, नेट आलं." मग ती माणसं गेली. मी बारावी झाले, बी.ए. झाले, तरी दिवा लागला नव्हता.

या अंकासाठी 'कामाच्या आठवणी' लिहून दे, असं कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी घाबरलेच. असे लेख निवृत्त झालेली माणसं लिहितात. माझी नोकरी जेमतेम चार वर्षांची, आणि तीही कॉलेज सांभाळून. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरी विचारायलाही कोणी नाही. पण ते काम आता तसं राहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव चोपड्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, सातपुड्याच्या बाजूला. केळी आणि कापूस. ग्रामपंचायतीला लागून एक खोली आहे, तिथे सेवा केंद्र. केंद्राचा परवाना संजूभाऊंच्या नावावर. त्यांचं खरं दुकान खत-बियाण्याचं, त्यामुळे केंद्रात बसायला त्यांना मराठी टाइप करता येणारं कोणीतरी हवं होतं. बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी मला बसवलं. सकाळी चोपड्याला कॉलेज, दुपारच्या एस.टी.ने परत, मग केंद्र.

सेवा केंद्राचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. दाखले काढायचे, अर्ज भरायचे, पीकविमा, शिष्यवृत्ती, कॉलेजचे प्रवेश. माणूस कागद घेऊन येतो, आपण ते कॉम्प्युटरवर चढवतो. पण यात दोन जागी माणूस अडतो. एक अंगठा, दुसरा ओटीपी. केळीचे घड उतरवणाऱ्यांची बोटं चिकाने काळी पडलेली असतात आणि यंत्राला काळ्या बोटावरच्या रेषा दिसत नाहीत. म्हणून आमच्या टेबलावर कायम वाटीत लिंबाची फोड असायची. आधी बोट लिंबाने घासा, पुसा, मग यंत्रावर ठेवा. ओटीपीवर मात्र लिंबू चालत नाही. अर्ज भरला की अर्जदाराच्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते ठरलेल्या मिनिटांत टाकले नाहीत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि आमच्या गावात ना नेट होतं, ना धड रेंज.

फायबरची केबल यायची होती. रस्त्याच्या कडेने चरही खणला गेला, त्यात भगव्या रंगाचा पाइप गेला. अर्ध्या वाटेत पाइप संपला की माणसं, ते कळलं नाही. उरलेलं एक मोठं वेटोळं आमच्या निंबाखाली पडून राहिलं. त्यात एका कोंबडीने दोनदा पिल्लं काढली. पुढे कधीतरी चराचं काम पूर्ण झालं, तर पाण्याच्या लाइनसाठी खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. जोडली. मग रस्ता रुंद करताना पुन्हा तुटली. संजूभाऊ म्हणायचे, "आपल्या गावात दोनच गोष्टी कायम येत असतात. एक एस.टी. आणि दुसरं नेट."

नाना म्हणून एक म्हातारे आहेत. ते रोज संध्याकाळी देवळातून परतताना ग्रामपंचायतीपुढे थांबायचे, कपाळावर हात धरून डब्याकडे बघायचे आणि मला विचारायचे, "उनं का वं पोर, नेट?" आमच्या अहिराणीत 'उनं' म्हणजे आलं.

"नही नाना."

"मंग डबाले हार घाली देऊत का? देव म्हनीसन तरी पावी."

त्यांना नेटवर काहीही करायचं नव्हतं. त्यांच्याकडे साधा मोबाईलसुद्धा नव्हता. तरी विचारायचे.

रेंज गावात एकाच ठिकाणी यायची, पाण्याच्या टाकीवर. टाकीला बाहेरून गोल जिना आहे. त्याच्या बाराव्या पायरीवर एक काडी, चौदाव्या पायरीवर दोन काड्या आणि त्याच्यावर पुन्हा काही नाही. असं का, ते मला विचारू नका. संजूभाऊंनीच ते शोधलं होतं. चौदाव्या पायरीवर पोतं टाकून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, मोबाईल पिशवीत घालून कठड्याला टांगायची आणि त्याच्यावरून नेट घ्यायची. टाकीच्या सावलीत खाली रांग. रांगेत माणसं नसायची, चपला असायच्या. माणसं शेजारच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेली.

म्हाताऱ्यांना जिना चढवेना, म्हणून टोपली आली. दोर बांधलेली वेताची टोपली मी वरून सोडायची. खालच्या माणसाने त्यात आपले कागद आणि आपला मोबाईल ठेवायचा. मोबाईल वर का, तर खाली ओटीपी यायचा नाही, त्यालाही रेंज लागते. सगळ्यांचे मोबाईल सारखेच, काळे, बटणांचे. म्हणून प्रत्येकाला केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीने नावाची चिठ्ठी बांधलेली. मी टोपली ओढून घ्यायची, अर्ज भरायची, त्या मोबाईलवरचे आकडे बघून टाकायची आणि टोपली खाली. एकदा टोपलीत कोणीतरी भरताची वांगी ठेवली होती, चिठ्ठीसकट. एकदा एका आजीने मोबाईलबरोबर चष्मा पाठवला, म्हणाली, "त्याले बी दखावाले लागी ना."

आता लिहिताना वाटतं, किती मजेचे दिवस होते. तेव्हा मात्र पाठ मोडायची.

माझी चूक सांगायची तर ती या टोपलीतूनच निघाली.

दहा जणांमधल्या चौघांचा तरी मोबाईल कामाचा नसायचा. कुणाची बॅटरी गेलेली, कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाचा मोबाईल मुलगा शेतात घेऊन गेलेला. वरून मी ओरडायची, खालून ते ओरडायचे, तोवर ओटीपीची मुदत संपायची. एक दिवस कंटाळून मी एका अर्जात मोबाईल नंबराच्या जागी माझाच नंबर टाकला. आकडे माझ्याच मोबाईलवर आले. अर्ज झटकन झाला. इतकं सोपं होतं! मग मी सगळ्यांनाच विचारायला लागले, "माझा टाकू का?" लोकांना तेच हवं होतं. "तुनाच टाक बहीण, आम्हनाले कोन वाची?" संजूभाऊंनी एकदा म्हटलं होतं, "दीपाली, हे बरं नाही." पण रांग लवकर सरते हे बघून तेही गप्प बसले.

अशा तऱ्हेने दोन वर्षांत अर्ध्या गावाचा नंबर मी झाले. माझ्या मोबाईलवर कुणाच्या गॅसचा मेसेज यायचा, कुणाच्या धान्याचा. ज्यांना स्वतःचा वाढदिवस माहीत नाही अशा म्हाताऱ्यांना बँकेच्या शुभेच्छा यायच्या आणि मी त्या जाऊन त्यांना सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कॉलेजात माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, पण गावात प्रत्येक जण विचारायचा, "दीपाली, मना काही उना का?"

त्यात कविता होती.

कविता माझ्याहून दोन वर्षं मागे, आमच्या गल्लीतली. तिला नर्सिंग करायचं होतं. बारावीला चांगले मार्क पडले. तिचे वडील भिकाआबा, केळीच्या मळ्यात राबणारा माणूस, गुडघ्यांनी अधू. पोरीला बाहेर शिकायला ठेवायला त्यांची तयारी नव्हती. खूप दिवस घरात बोलणी चालली. शेवटी ते म्हणाले, "जयगावले लागनी तर जाय. तठे तुनी मावशी शे. त्याना पुढे नही." जळगावला नंबर लागला नाही तर एरंडोलकडचं एक स्थळ आलेलं होतं, ते बघायचं. हे कवितानेच मला टाकीवर सांगितलं, अर्ज भरताना. ती माझ्याशेजारी तेराव्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "नीट भर बरं. मना हाऊ एकच अर्ज शे."

मी नीट भरला. मार्क दोनदा तपासले. फोटो स्पष्ट चढवला. आणि मोबाईल नंबराच्या जागी सवयीने माझा टाकला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायची. "उना का मेसेज?" मी म्हणायची, "येईल तेव्हा मीच पळत येईन ना."

पुढे माझी परीक्षा आली. एस.टी.चा भरवसा नाही म्हणून मी आठवडाभर चोपड्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. पेपरच्या काळात मेसेजचा तो पाऊस नको वाटायला लागला. गॅस, धान्य, विमा, जाहिराती. मी आवाज बंद केला आणि मोबाईल बॅगेत टाकला. शेवटचा पेपर देऊन परतीच्या गाडीत बसले, खिडकीची जागा मिळाली, आणि सहज मेसेज चाळायला लागले. खूप खाली एक होता. कविताचं नाव. जळगावचं कॉलेज. तीन दिवसांत जागा स्वीकारा, नाहीतर या जागेवरचा हक्क संपेल.

तीन दिवस आदल्या दिवशीच संपले होते.

टाकीवर मी एकेका काडीसाठी हात वर करून उभी राहिले आहे. चोपड्यात तर पूर्ण रेंज होती. मेसेज आल्या क्षणी माझ्या बॅगेत पोहोचला होता.

गाडीतून उतरून मी थेट त्यांच्या घरी गेले. आबा खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. कविता दारात उभी. वाटेत मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "आबा, जळगावची यादी लागून गेली. आपल्याला कळलंच नाही. नेट नव्हतं ना."

आमच्या गावात यावर कोणी काही विचारत नाही. काहीही झालं नाही की नेट नव्हतं. आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तू काय करशी पोर, नेटच नही ते! त्या डबानं वाटोळं व्हवो." मग म्हणाले, "जाऊ द्या. तिना नशीबमा नही व्हतं."

वर मला चहा दिला. कविताने दिला. मी तो चहा प्याले, हे मला अजून आठवतं.

दुसरी यादी आठवड्याने होती. ती मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रोज बघत होते. कविताला धुळ्याचं कॉलेज मिळालं. मी पळतच गावात आले. पण आबांनी मान हलवली. "धुये नही. तठे आपलं कोन शे? जयगावनी गोट येगळी व्हती. नशीबमा ऱ्हातं तर तठेच लागतं. एरंडोलना पाहुना बी ऐतवारे येतस." कविता आतल्या खोलीत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

मला तेव्हा कळलं की आबांना अडवून धरलंय ते धुळ्याच्या अंतराने नाही. नशिबाने. आणि ते नशीब मी होते.

मी म्हटलं, "आबा, नशिबात होतं. जळगावला नंबर लागला होता. मेसेज आला होता, माझ्या मोबाईलवर. मी बघितला नाही. नेटचा काही संबंध नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "मंग खोटं काबर बोलनी?"

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"तुना मोबाईलवर काबर उना? पोर मनी, अर्ज तिना, आनी नंबर तुना?"

"सगळ्यांचाच माझा आहे, आबा."

"बठ्ठा गावना?" त्यांना ते खरंच वाटेना. मग त्यांनी तोंड दाराकडे फिरवलं. मला वाटलं, आता हे घर आपल्याला बंद झालं. आतून कविता आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. आबांनी तिच्याकडे बघितलं. "म्हंजे जयगावले तू लागनी व्हती?" तिला तरी कुठे माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आबा खाटेवरून उठले, खुंटीची टोपी घातली आणि कोनाड्यातला मोबाईल घेतला. "चाल. आते मना नंबर टाक."

टाकीखाली नेहमीची रांग होती. मी टोपली सोडते म्हटलं, तर आबा म्हणाले, "टोपली नही. मी येस वर." एका हाताने कठडा धरून ते एकेक पायरी चढायला लागले. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. ओट्यावरून नाना ओरडले, "भिका, पानी सोडाले चालना का?"

"तू गप बस. पोरना ओटीपी लेवाले चालनू."

चौदाव्या पायरीवर ते माझ्याशेजारी पोत्यावर बसले, घामाघूम. कविता दोन पायऱ्या खाली. मी नंबर बदलायचा अर्ज भरला, मग धुळ्याची जागा स्वीकारायचा. आबांनी मोबाईल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला, आरतीचं ताट धरावं तसा. पहिला ओटीपी आलाच नाही. मुदत संपली. पुन्हा मागवला. खालची माणसंही बोलायची थांबली होती. आणि मग आबांच्या हातात मोबाईल थरथरला.

आबांना अक्षरं फारशी येत नाहीत, पण केळीच्या वजनकाट्यावर आयुष्य गेलंय, आकडे पक्के. ते काट्यावर सांगतात तसे ठणकावून वाचायला लागले. "चार! नव! नव!" खाली नानांनी उचललं, "चार, नव, नव!" रांगेने उचललं. "शून्य! दोन! सात!" आकडा कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं. तो अख्ख्या गावाने म्हटला.

मी आकडे टाकले. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग पडद्यावर आलं, जागा निश्चित झाली. मी मागे वळून कविताला सांगणार होते, पण ती रडत होती, म्हणून नाही सांगितलं. तिला कळलं होतं.

उतरताना आबांना वर चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटच्या पायरीवर ते मला म्हणाले, "बाकीसना नंबर बी बदली टाक. कोनी पोर राही जाई." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला घर बंदही झालं नाही. कविता मात्र धुळ्याला जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं.

नंबर बदलायचं काम टाकीवरून होण्यासारखं नव्हतं. एकेका अर्जाला अर्धा दिवस जायचा. तरी जमतील तसे केले. बाकीच्यांचे मेसेज वहीत लिहून मी रोज घरोघर देऊन यायची, पोस्टमनसारखी. परीक्षा असली तरी.

यंदा डब्यातला हिरवा दिवा लागला. कोणी समारंभ केला नाही. मी दुपारी केंद्र उघडलं तर तो लागलेलाच होता. कधीपासून, कोण जाणे. मी बाहेर जाऊन नानांना सांगितलं, "नाना, उनं." ते आत आले, डब्याखाली उभे राहिले. "हाई इतलंसं?" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते ग्रामपंचायतीपुढे थांबायचे बंद झाले. मला त्याचं वाईट वाटलं, का ते सांगता येत नाही.

आता अर्ज खोलीत होतात, पंख्याखाली. रांगेत चपला नसतात, कारण रांगच नसते. टोपलीत संजूभाऊंनी दुकानातली बियाण्याची रिकामी पाकिटं ठेवली आहेत. खोलीत बसून मी सगळ्या गावाचे नंबर एकेक करून बदलले. लोक यायचे, स्वतःचा मोबाईल स्वतःच्या हातात, आकडे वाचायचे आणि निघून जायचे. माझा मोबाईल हळूहळू गप्प झाला. एस.टी.त बसले की मी अजूनही दर थांब्याला तो काढून बघते.

परवा कविता धुळ्याहून आली. दुसऱ्या वर्षाला आहे. पांढरा गणवेश मावशीला दाखवायला जळगावला जाऊन मग गावात आली. तिने स्वतःचं सिमकार्ड घेतलंय, म्हणून आबांचा नंबर काढून तिचा टाकायचा होता. सहा आकडे तिच्या मोबाईलवर आले, तिने मोबाईल माझ्याकडे न देता मनातल्या मनात वाचले, आणि स्वतःच टाइप केले. झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

ती उठली नाही. म्हणाली, "दीपाली, तो जयगावना मेसेज शे का अजून?"

मी तो पुसला नव्हता. इतके मेसेज पुसले, तो नाही. शोधून मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने तो पहिल्यांदाच बघितला. वरपासून खालपर्यंत वाचला, तारखेसकट.

"माले धाड."

मी फोटो काढून पाठवला. बटणावरचं बोट उचलायच्या आतच तिच्या मोबाईलवर टुण वाजलं. ती त्याकडे बघत राहिली. मग मोबाईल पर्समध्ये टाकला, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "चाल, टाकीवर जाऊत."

"कशाला? आता काय काम तिथे?"

"काही नही. बसाले."

मी केंद्राचं दार लोटलं. चौदाव्या पायरीवर पोतं अजून होतं.